जीपच्या टपाचे कापड

अण्णांनी सरकारी लिलावात घेतलेली आमची सीजे-३बी जीप रत्नागिरीच्या घरी, मागीलदारच्या शेडमध्ये उभी असते. इंजिन अजून चालते. टप मात्र गेल्या पावसाळ्यात शिवणीवर फाटला. नवा शिवायचा तर कापड कोणते, एवढ्या प्रश्नावरून आम्हा भावांत वर्षभर वाद चालला. दादा म्हणे रेक्झीन, मी म्हणे कॅनव्हास, कारण अण्णांच्या गाडीला तेच होते. कुशनवाल्याचे तिसरेच: "ताडपत्री मारा साहेब, चार पावसाळे बघायला नको." आपला मुद्दा खरा करायचा म्हणून मी या कापडांच्या इतिहासामागे लागलो.

पहिली अडचण शब्दांची. 'टप' हा इंग्रजी 'टॉप'वरून आलेला दिसतो. घोडागाडीवरचा टप मोटारीवर आला आणि एसटीवर चढला तेव्हा पत्र्याचा झाला. इंग्रज त्यालाच हूड म्हणतो, पण अमेरिकनाच्या लेखी हूड म्हणजे बॉनेट. सीजे-३बी तिच्या उंच हूडमुळे ओळखू येते, असे वाचून मी अर्धा दिवस छताची मापे शोधत बसलो. विलिस कंपनीने १९५३ मध्ये उंच इंजिन बसवण्यासाठी बॉनेट वर उचलले होते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवर दोन कमानींवर ताणलेला कापडी टप असे. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीप जोडायला घेतल्या. आमची गाडी त्याच घराण्यातली. हे कापड म्हणजे डक. बदकाशी त्याचा संबंध नाही. डच भाषेत 'डूक' म्हणजे कापड. घट्ट विणीचे सुती डक भिजले की धागे फुगतात आणि विणीतली भोके बुजतात. म्हणजे पाणीच पाण्याला अडवते. मात्र आतून बोट लावले की त्या जागी गळू लागते. जुन्या तंबूत झोपलेल्यांना हे सांगायला नको.

याहून पक्का उपाय चार्ल्स मॅकिंटॉशने काढला होता. डांबरातून निघणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवून त्याने ते दोन कापडांच्या मध्ये थापले आणि १८२३ मध्ये पेटंट घेतले. पण ते रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत ताठ होई. शिवाय शिंप्याच्या सुईने पडलेल्या भोकांतून पाणी आत येई. पहिली अडचण रबराच्या गंधकी संस्काराने सुटली. इंग्लंडात त्याचे पेटंट थॉमस हँकॉकने १८४३ मध्ये मागितले. सुईच्या भोकांचा प्रश्न आजही टप शिवणाऱ्यापुढे आहे. सुती दोरा भिजून भोक भरतो, पॉलिएस्टरचा भरत नाही.

विलायती मोटारींचे शौकीन 'मोहेर' टपाची मिजास सांगतात. शब्दाचे मूळ अरबी 'मुखय्यर', म्हणजे निवडक. मूळ वस्तू अंगोराच्या, म्हणजे अंकाराच्या, बकरीची लोकर. आज त्या नावाने मिळणाऱ्या टपात सहसा वर अॅक्रिलिक किंवा सूत, मध्ये रबर, खाली सूत असते. बकरी कधीच गेली!

रेक्झीनचेही तेच. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात बनणाऱ्या एका मालाचे ते व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर, म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिल्मचा भाऊबंद. आपल्याकडे दुकानात त्या नावाने मिळते ते बहुधा पीव्हीसीचा थर दिलेले कापड. त्यातून पाणी येत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते, स्वस्तही पडते. पण त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जाते आणि घडीवर चिरा पडतात. कोकणात तर आत घाम धरतो, आणि अस्तराच्या सुताला बुरशी.

एवढी तयारी करून मी जुना टप उसवायला घेतला. दादा शेजारी उभा होता. काठाची दुमड उलगडली तर आत चकचकीत हिरवा थर आणि त्यामागे पांढरे सुती अस्तर. रेक्झीनच! ज्याला मी वर्षभर अण्णांचा कॅनव्हास म्हणत होतो, तो अण्णांनीच कधीतरी बदलून टाकला होता. दादा हसला नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. मग मागच्या कमानीचा पट्टा काढताना त्याखाली वीतभर चिंधी सापडली, खाकी पडलेली, जाड विणीची. डक. लहानपणी नाकात बसलेला ओल्या कापडाचा वास कुठून आला होता, ते त्या चिंधीने सांगितले.

म्हणजे दोघांचेही खरे होते, आणि निवड होती तिथेच राहिली. जीप आता वर्षातून चार-सहा वेळा निघते, घाटात रोज भिजायची नाही, आणि सुती कापड वाळवून ठेवायला घरात माणसे आहेत. या हिशेबावर दादाने डकला होकार दिला. कुशनवाल्याकडून सुती दोरा मात्र हट्टाने वापरून घेतला. त्याच्या मते हा वेडेपणा.

जूनच्या पहिल्या सरीत आम्ही दोघे मिऱ्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत एक थेंब आला नाही. परत आल्यावर दादाने कौतुकाने टपाला आतून बोट लावले. मी "हात काढ" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.