भक्तीचें गीत आणि लोकांची चाल

जुबिली म्हटली कीं गाणें आलेंच. लेवीयाच्या ग्रंथांत पन्नासावें वर्ष हें योबेलवर्ष म्हणून सांगितलें आहे. त्या वर्षीं शिंग फुंकून देशभर मुक्तता पुकारावी आणि दास झालेल्यांनीं आपापल्या कुळांत परत जावें, अशी आज्ञा होती. आज आपल्या देवळांत तरुण मंडळी गिटार व ढोलकीच्या साथीवर नव्या चालीचीं गीतें गातात आणि कांहीं वडीलधारी मंडळी नापसंतीनें मान हलवितात. हा वाद नवा नाहीं. त्याचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटलें.

पुण्यांतील आपलें पहिलें देऊळ १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर उभें राहिलें. पेशव्यांच्या फौजेंतील गोवेकर ख्रिस्ती शिपायांची ती सोय होती. तेथील मिस्सा अर्थातच लॅटिन. परंतु ख्रिस्ती श्रद्धेस मराठी गळा त्यापूर्वींच पावणेदोनशें वर्षें लाभला होता. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. त्याच्या ओंव्या अकरा हजारांच्या घरांत आहेत. ज्या छंदांत ज्ञानेश्वर व एकनाथ बोलले, ज्याच्याच कुळांतील ओंवी आमच्या आयाबाया जात्यावर गात, त्या छंदांत तारणाची कथा सांगावी हें एका परदेशी माणसास सुचलें, यांतच त्यांची थोरवी आहे.

लोकांच्या चालीनें देवास आळविण्याचें हेंच काम अमेरिकेंत गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णी लोकांनीं केलें. १८७१ सालीं नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाच्या गायकसंघानें शेतांतलीं, दुःखांतलीं भजनें लोकांपुढें आणिलीं. बहुतेक गायक पूर्वीं दास होते. म्हणूनच संघाचें नांव जुबिली गायक! त्याच सुमारास, १८७३ सालीं, पुण्याचे जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यविमोचनासाठीं झटणाऱ्या अमेरिकन जनतेस अर्पण केला. पुढें १८८९–९० च्या सुमारास लाउडिन यांच्या नेतृत्वाखालीं जुबिली गायक हिंदुस्थानांतही गाऊन गेले.

या भजनांच्या वंशांतच पुढें गॉस्पेल गीत जन्मलें. शिकागोचे थॉमस डॉर्सी हे मूळचे ब्लूज वाजविणारे, म्हणजे रात्रीच्या बैठकींतले कलावंत. १९३२ सालीं बाळंतपणांत पत्नी गेली, पाठोपाठ तान्हें मूलही गेलें; त्या शोकांतून त्यांनीं प्रभूचा हात मागणारें तें प्रसिद्ध गीत रचिलें. तरी अनेक देवळांनीं त्यांचें संगीत बाजारू म्हणून प्रथम दारांतूनच परत लाविलें. १९६९ सालीं एडविन हॉकिन्स यांच्या वृंदानें अठराव्या शतकांतील एक उपासनागीत नव्या ठेक्यावर गाऊन जगभर पोहोंचविलें, आणि त्यावरून स्फूर्ति घेऊन १९७० सालीं जॉर्ज हॅरिसन यांनीं ‘हालेलूया’ व ‘हरे कृष्ण’ एकाच गीतांत गुंफिले. सिद्धांताच्या दृष्टीनें त्याविषयीं दुमत होईल. त्यांतील देवभेटीची तळमळ खोटी आहे, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.

आपल्याकडे हें धैर्य रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं दाखविलें. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, हें खरें. पण विलायती चालींवर ओढूनताणून बसविलेलीं मराठी गीतें मनास भिडत नाहींत, हें त्यांनीं ओळखलें आणि अभंग, भजन व कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेस लाविलें.

मग आपल्याकडे उशीर कां झाला? १९०३ सालीं परमपूज्य पोप दहावे पायस यांनीं नाटकी गायनास आळा घालण्यासाठीं काढलेल्या आज्ञापत्रांत पियानो, ढोल आणि झांजा यांना देवळांत मज्जाव केला. युरोपांत तेव्हां ऑपेराची लाट देवळांत शिरली होती. हेतु योग्यच होता. परंतु आमच्या टाळमृदंगाचीही त्यांत वाट बंद झाली. गंमत अशी कीं, त्या काळीं प्रत्येक धर्मगुरु रोज प्रातःप्रार्थनेंत दीडशेंवें स्तोत्र म्हणत असे, आणि त्यांत तर डफ व झांजा वाजवून देवाची स्तुति करण्यास सांगितलें आहे!

ती वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उघडली. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रानें, ज्या देशांस स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिला योग्य मान द्यावा, असें सांगितलें; लोकभाषेंतील मिस्सेसही त्यानेंच मार्ग दिला. तेव्हांपासून पेटी, तबला व टाळ देवळांत उजळ माथ्यानें येऊं शकले, आणि त्यांच्या मागून गिटारही आलें. ध्वनिवर्धक किती मोठा लावावा, हें मात्र त्या घोषणापत्रांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. तेवढें गायकवृंदानें व फादरांनीं मिळून ठरवावें.