घरं आली, कारखाने गेले : ठाणे जिल्ह्याचा सत्तर-ऐंशी वर्षांचा हिशेब

२०११च्या जनगणनेत देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला आपला ठाणे. १ कोटी १० लाख माणसं. (तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, तो झाला १ ऑगस्ट २०१४ला.) १९९१ला हाच आकडा ५२ लाख होता, २००१ला ८१ लाख. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली.

म्हणजे मुंबईतून माणूस बाहेर पडला, इकडे राहायला आला आणि कामाला परत तिकडेच जात राहिला. हे असं का झालं? घोडबंदरपासून बदलापूरपर्यंत टॉवर चढतायत, ज्याच्या त्याच्या तोंडी "आता बुकिंग करून टाका, भाव वाढणार" हेच आहे. अशा वेळी हे समजून घेतलेलं बरं.

सुरुवात मुंबईच्या भाड्यापासून करू. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. जुन्या भाडेकरूला आधार मिळाला, पण भाड्याने द्यायला नवी चाळ बांधणं कुणालाच परवडेना. पागडी मात्र वाढत गेली. लग्न झालेल्या कारकुनाला, शिक्षकाला गिरगाव-दादरला खोली मिळेना. मग तो लोकलच्या रुळावरून पुढे सरकला. ठाणे, डोंबिवली, कल्याण. तिथे सोसायट्या झाल्या, ओनरशिपचे फ्लॅट आले. डोंबिवली अशी वसली.

पण तेव्हा या जिल्ह्यात नुसती घरं नव्हती, कामही होतं. अंबरनाथला विमको आणि धरमसी मोरारजी स्वातंत्र्याच्या आधीपासून. ठाण्याला रेमंडची गिरणी १९२५पासून. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं आणि रिकाम्या हाताने आलेल्या त्या माणसांनी घराघरात धंदा काढला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनीच केलाय, पण घर आणि रोजगार एकाच गल्लीत असणं हे त्या गावाने करून दाखवलं. १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली. वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा. सकाळचा भोंगा झाला की सायकलवरून कामाला जाणारी पिढी इथलीच.

मग गणित फिरलं. मोठे उद्योग मुंबई परिसराबाहेर जावेत हे सरकारचंच धोरण झालं. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईतला कामगार देशोधडीला लागला. इकडेही एकेक कारखाना आजारी पडत गेला. कळव्याची मफतलाल बंद पडली, मोहन्याची एनआरसी २००९ला. दोन्हीकडच्या कामगारांना आपल्याच घामाच्या पैशांसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ठाण्यात रेमंडच्या जागेवर आज टॉवर आहेत, डोंबिवलीला प्रीमियरच्या जागेवरही गृहसंकुल. मालकाच्या बाजूने पाहिलं तर साधा हिशेब आहे. जमिनीवर माल काढून मिळतं त्यापेक्षा जमीन विकून कितीतरी जास्त मिळतं. त्या हिशेबात कामगार कुठेच बसत नाही.

दुसऱ्या बाजूला १९७६चा कमाल नागरी जमीन धारणा कायदा. हेतू चांगला : मोठ्या जमिनी सरकारने घ्यायच्या, गरिबांसाठी घरं बांधायची. प्रत्यक्षात जमिनी फायलींत आणि कोर्टात अडकल्या. महाराष्ट्राने तो रद्द केला थेट २००७ला. तोवर परवडणारं अधिकृत घर मिळेना, म्हणून माणूस अनधिकृत घरात गेला. दिवा, मुंब्रा, शीळ, कल्याणजवळची २७ गावं. ही २७ गावं १९८३ला महापालिकेत, २००२ला बाहेर, २०१५ला परत आत. या आत-बाहेरमध्ये कुणाचं लक्ष होतं आणि कुणाचं फावलं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ४ एप्रिल २०१३ला शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. अलीकडे डोंबिवलीत खोट्या कागदपत्रांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या इमारती उघड झाल्या. तिथे फसलेला माणूस कर्ज काढून, बँकेत सह्या करून घर घेणारा, तुमच्या-आमच्यासारखाच.

आता पुढचं. मेट्रो होतेय, शेजारच्या रायगडात नवी मुंबई विमानतळ झालाय, भिवंडीचे यंत्रमाग मागे पडून गोदामं वाढलीत. रोजगार येणारच नाही असं नाही. पण गोदामातल्या आणि डिलिव्हरीच्या पगारावर समोरच्या टॉवरमधला वन बीएचके बसत नाही. ज्याला बसतो तो रोज बीकेसी किंवा अंधेरीला जातो, जाऊन-येऊन तीन-चार तास. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून गेली, ती अशीच कामाला निघालेली होती.

आणि पाणी? तानसा, वैतरणा, भातसा, मुंबईची तहान भागवणारी ही धरणं शहापूरच्या भागातली. त्याच शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतो. नव्या टॉवरांचं पाणी कुठून येणार, हे ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.

सत्तर-ऐंशी वर्षांत प्रत्येक वेळी घराचा प्रश्न 'अजून पुढच्या स्टेशनावर' ढकलून सोडवला गेला. ठाणे भरलं की डोंबिवली, ती भरली की बदलापूर, आता वांगणी-कर्जत. स्टेशनं संपत आली.

म्हणून पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं तर मेट्रोचं स्टेशन कुठे येणार हे विचाराच, पण आणखी तीन गोष्टी विचारा. बंद कारखान्याच्या जमिनीवर रोजगारासाठी किती जागा राखणार? भाड्याने परवडतील अशी घरं कोण बांधणार? आणि नव्या इमारतीला परवानगी देताना पाण्याचा हिशेब कोण तपासतो?

तुमच्या भागात कुठला कारखाना होता आणि आज तिथे काय आहे? कमेंटमध्ये लिहा. यादी एकत्र केली तर आपल्या जिल्ह्याचा खरा इतिहास तोच असेल.