लिहून काढ, लिहून टाक

चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिले. या दानाचा शके ११२८चा शिलालेख संस्कृतात आहे, पण बाजारातल्या करांचा विषय निघताच भाषा लोकांची होते आणि 'दीन्हला' हे क्रियापद येते. प्राकृत 'दिण्ण'चा हा वंशज, म्हणजे आपला 'दिला'.

हेच 'देणे' मराठीत दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी उभे राहते. 'अर्ज लिहून दे' म्हटले की काम दुसऱ्यासाठी, 'लिहून घे' म्हटले की स्वतःसाठी. 'लिहून ठेव'मध्ये पुढची गरज दिसते, 'लिहून टाक'मध्ये एकदाचे मोकळे होण्याची घाई. 'लिहून काढ' म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आणि 'भलतेच लिहून बसला' म्हटले की आता निस्तरणे आले! दोन क्रियापदांना जोडणारा '-ऊन' महाराष्ट्री प्राकृतातल्या '-ऊण'चा वारस. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त तो जागोजागी भेटतो.

इंग्रजीने अशा अर्थछटा दाखवण्याचे काम दिशादर्शक शब्दांवर सोपवले. जुन्या इंग्रजीत असे शब्द बरेचदा क्रियापदाच्या आधी चिकटत. पुढे ते मागे सरकले. बाराव्या शतकातल्या पीटरबरोच्या बखरीत ही नवी ठेवण दिसू लागते. अशा जोड्यांचे 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र अगदी अलीकडचे, लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५मध्ये छापून रूढ केलेले.

आपण हाताच्या आणि देहाच्या क्रिया वापरतो, इंग्रजी बोलणारे वर, खाली, बाहेर अशा दिशा वापरतात. 'राइट डाउन' म्हणजे ऐकलेले टिपून घेणे, 'राइट आउट' म्हणजे पूर्ण लिहून काढणे, 'राइट अप' म्हणजे टिपणांवरून नीट मजकूर तयार करणे. जळगाव-धुळ्याच्या मुलांना अशा इंग्रजी क्रियापदांच्या याद्या पाठ करायला लावण्याआधी त्यांच्याच तोंडातले 'काढ' आणि 'टाक' उलगडून दाखवायला हवे, असे मला मनापासून वाटते. अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलांना तर त्यांच्या घरच्या बोलीतलीच उदाहरणे द्यावीत.

'राइट ऑफ'पाशी मात्र ही समजूत वर्गाबाहेर पडते. कापूस-केळीच्या या पट्ट्यात २००८, २०१७ आणि २०१९च्या कर्जमाफीच्या घोषणा घरोघर पोचल्या. माफी म्हणजे 'वेव्ह': बँक त्या रकमेवरचा हक्क सोडते. 'राइट ऑफ' म्हणजे निर्लेखन: वसूल होण्याची आशा उरली नाही म्हणून बँक आपल्या हिशोबातून रक्कम वजा करते, पण कर्जदाराचे देणे तसेच राहते आणि वसुलीही चालू राहू शकते. बातमीत दोन्हींना 'कर्ज माफ' म्हटले की शेतकरी निर्धास्त होतो. निर्लेखनाने सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही; त्यासाठी बँकेचा बेबाकी दाखला लागतो.