वेशीवरचे जागले

१८६८ सालची गोष्ट. बर्लिनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या पॉल लांगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं माणसाच्या कातडीचा पातळ काप सोन्याच्या क्षारानं रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असं त्याला वाटलं. हा समज चुकीचा होता. पण ते सिद्ध व्हायला शंभरेक वर्षं लागली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास सांगताना मी इथून सुरुवात करते, कारण याच पेशी गर्भाशयमुखाच्या अस्तरातही असतात आणि त्या शरीराच्या संरक्षणदलातल्या आहेत. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोहन यांनी प्लीहेतल्या अशाच फांद्यांच्या पेशींचं वर्णन केलं. त्यांचं काम पुढे उलगडत गेलं. गावच्या वेशीवरच्या जागल्यासारखं आगंतुकाला हेरायचं, त्याची खूण घेऊन लसिकाग्रंथीत जायचं आणि तिथल्या टी पेशींना जागं करायचं!

हा आगंतुक कोण, हे जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटानं दाखवलं. १९८३ मध्ये त्यांना एचपीव्ही या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. २००८ मध्ये त्सुर हाउसेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हा विषाणू मोठा धूर्त. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. त्यामुळे जागल्याला चाहूलच लागत नाही. शिवाय बाधित अस्तरातल्या लांगरहान्स पेशींची संख्याही घटते. तरीही बहुतेक स्त्रियांमध्ये टी पेशी एक-दोन वर्षांत त्याला हुसकावतात. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, तिथे त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीचे लगाम तोडतात. गाठ वाढू लागली की काही रक्षकच फितूर होतात. भक्षक पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात, तर नियामक टी पेशी लढणाऱ्यांचे हात धरतात.

संरक्षणदलाचं मोल एड्सनं क्रूरपणे दाखवून दिलं. १९९३ मध्ये अमेरिकेत गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग एड्सची ओळख ठरणाऱ्या आजारांच्या यादीत आला. एचआयव्हीबाधित स्त्रियांना हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट असतो.

पण या लढाईत वेळ आपल्या बाजूनं असतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. याचा उपयोग कसा करावा, हे आपल्याच मराठवाड्यानं जगाला दाखवलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते.

मुलींना लस द्या, म्हणजे आगंतुक वेशीवरच अडेल. आणि तिशी ओलांडलेल्या बायांनो, दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका. हा विषाणू दुखवत नाही, हीच तर त्याची खोड आहे.