तेरीज जुळली, क्लब मिटला

फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन दोन सामने झाले, की तिसऱ्याच्या आत संघाचे संपूर्ण भविष्य सांगून मोकळे व्हावे, असा चाहत्यांच्या शास्त्रात दंडक आहे. उशीर करणारा चाहता कच्चा समजला जातो. हंगाम संपल्यावर काय, कुणीही सांगेल; खरी विद्या पहिल्या पंधरवड्यातली! पंचांगकर्ते निदान 'योग संभवतो' म्हणून पळवाट ठेवतात. चाहता ठेवत नाही. एक तर 'यंदा कप आपला', नाही तर 'यंदा तळाला'. मधल्या स्टेशनावर त्याची गाडी थांबतच नाही.

आम्हां कॉमर्सवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटतो. हिशेबशास्त्रात तेरीज म्हणून एक प्रकरण असते. सगळ्या खात्यांच्या बाक्या दोन रकान्यांत मांडायच्या आणि बेरजा सारख्या आल्या, की तेरीज जुळली. पोरे हर्षभरित होतात. मग सर शांतपणे पुढचे पान उघडायला सांगतात. त्यावर मथळा असतो : 'तेरीज जुळूनही न सापडणाऱ्या चुका'. हंगामाच्या आरंभीचे मूल्यमापन म्हणजे अशीच तेरीज. आणि पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास म्हणजे ते पुढचे पान.

हा इतिहास कोरेगाव भीमातून लिहिला जावा, याचे काहींना नवल वाटेल. आमच्या गावाच्या नावाला १ जानेवारी १८१८ ही तारीख जोडलेली आहे आणि जवळच वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे. इतका भारदस्त इतिहास उशाशी असताना फुटबॉलचा इतिहास कोण विचारतो? खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि बैलगाडा. पण सणसवाडी आणि रांजणगावला कारखाने आले, त्यांच्याबरोबर बाहेरगावची पोरे आली आणि त्यांच्या पगाराची खाती आमच्या शाखेत आली. त्यांतला एक बंगाली फिटर पैसे भरायला आला, की स्लिप पुढे सरकवत आधी विचारायचा, "साब, पूना का टीम इस बार कैसा है?" खात्यात किती शिल्लक आहे, हे तो नंतर विचारी.

एवढ्या भांडवलावर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत एक मूल्यमापन मंडळ उभे राहिले. हेडकॅशियर तात्या हे आशावादी पक्षाचे. नोटांच्या बंडलात एक नोट कमी निघाली तरी "असंल इथंच कुठं तरी" म्हणणारा माणूस. विरोधी पक्षात शिपाई मामा. त्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीचे भले होईल असे म्हटलेले नाही. साखरपुड्याला गेले तरी चेहरा दहाव्याचा. मी चिटणीस. दोघांची भाकिते तारीखवार एका वहीत लिहून ठेवायची, हे माझे काम. (वही स्वखर्चाची. बँकेच्या स्टेशनरीला हात लावलेला नाही, ऑडिटवाल्यांनी नोंद घ्यावी.)

वहीचे पहिले पान पुणे एफसीचे. हा क्लब अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २००९-१० मध्ये तो आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. गोव्याच्या आणि कोलकात्याच्या जुन्या घराण्यांच्या पंगतीत हे पुणेकर पोरगे बसले आणि वाढप्यानेही त्याला ओलांडले नाही! २०१२-१३ मध्ये तर चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा नंबर. जपानात जन्मलेला अराता इझुमी याच क्लबात खेळता खेळता भारताचा नागरिक झाला आणि भारताच्या संघातही आला. मामांचे त्यावर एवढेच म्हणणे पडले, "आमचं रेशनकार्डावरलं नाव दुरुस्त व्हईना, अन् ह्याला पास्पोर्ट घावला!"

सामने बालेवाडीला. कोरेगाव भीमा पुण्याच्या एका टोकाला तीसेक किलोमीटरवर आणि बालेवाडी दुसऱ्या टोकाला. मध्ये वाघोलीची रहदारी. संध्याकाळचा सामना बघायचा, तर लोणीकंद येईपर्यंत संघाची निवड, वाघोलीत डावपेच आणि येरवड्याला पोचेपर्यंत निकालसुद्धा लावून व्हायचा. प्रत्यक्ष सामना ही केवळ उपचाराची बाब उरे.

मग २०१४ साली इंडियन सुपर लीगची वरात आली आणि तिच्यात आपला एफसी पुणे सिटी. मालक राजेश वाधवान समूह, भागीदार हृतिक रोशन, इटलीच्या फिओरेंतिनाशी सोयरीक, प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा आणि खेळाडूंत साक्षात दाविद त्रेझेगे. हा फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातला. तात्यांनी पहिल्या सामन्याआधीच कप घरी आणून ठेवला.

आता वहीतल्या नोंदी पाहा.

२०१४ : पहिला सामना दिल्लीत, शून्य-शून्य. दुसरा मुंबईशी, पाच-शून्य, पाच त्यांचे. मामांनी डबा बंद करून जाहीर केले, "खेळ खलास." हंगामाअखेर पुणे सहावे. आणि पाच गोल करणारी मुंबई? सातवी.

२०१५ : प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. पहिलाच सामना पुन्हा मुंबईशी, घरच्या मैदानावर, आणि पुणे तीन-एकने विजयी. तात्यांनी सबंध शाखेला चहा पाजला. हंगामाअखेर मुंबई सहावी आणि पुणे सातवे. संघ आठच होते, हे चहा पिताना कुणाच्या लक्षात आले नव्हते.

२०१६ : पहिल्या सामन्यात मुंबईकडून एक-शून्यने हार. अखेरीस साखळीत मुंबई पहिली आणि पुणे सहावे. पहिल्या सामन्याने खरे बोलण्याचे हे एकमेव वर्ष. मामा तीन दिवस हसतमुख होते.

२०१७-१८ : पहिल्या सामन्यात घरच्या मैदानावर दिल्लीकडून तीन-दोनने पराभव. मामांचे भाकीत : तळाला. प्रत्यक्षात प्रशिक्षक रान्को पोपोविच, मार्सेलिन्हो आणि आल्फारो यांनी असा काही हात दाखवला, की पुणे चौथे आले आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. दिल्ली आठवी. बंगळूरशी घरचा सामना बरोबरीत सुटला. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल घातले आणि विषय संपला. पण त्या पंधरा दिवसांत आमच्या शाखेत कॅश जुळायला रोज उशीर होत होता, आणि शाखाधिकारी साहेब त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. तेही स्कोअरच विचारत होते.

२०१८-१९ : प्रशिक्षक मिगेल आंगेल पोर्तुगाल. एक बरोबरी, दोन पराभव, आणि तीन सामन्यांत साहेबांना नारळ! म्हणजे आम्ही वहीत जे करत होतो, ते आता मालकही करू लागले होते. अखेर सातवे.

पाच हंगामांची ही तेरीज. पहिल्या सामन्याचा शेवटच्या निकालाशी संबंध सासूच्या आशीर्वादाइतकाच; असला तर योगायोगाने. इथपर्यंत गंमत आहे. पण वहीत २०१९-२० चे पान कोरे आहे, आणि त्या पानाची गंमत करता येत नाही.

२०१९ साली त्याच वाधवान घराण्याची डीएचएफएल ही घरकर्जे देणारी कंपनी आपली देणी वेळेवर फेडू शकली नाही. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ दूर केले. ते होईतो क्लब राहिलाच नव्हता. ऑगस्टमध्येच लीगमधली पुण्याची जागा हैदराबाद एफसीला गेली. कुठल्याही सामन्यात न हरता पुणे लीगबाहेर झाले. २०२२ मध्ये त्याच हैदराबादने विजेतेपद पटकावले. पुढे त्या क्लबालाही पैशाची चणचण लागली, तो भाग निराळा.

आणि हा एकच क्लब नव्हे. दुसरा नंबर मिळवणारा पुणे एफसी २०१५ मध्ये थांबला. त्याची अकादमी पुढच्या वर्षी एफसी पुणे सिटीने घेतली. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच आय-लीग खेळला, शेवटचा आला आणि गुंडाळला गेला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. डीएसके समूहाचे पुढे काय झाले, ते पुण्याच्या ठेवीदारांना मी काय सांगावे? एका शहरात बारा वर्षांत चार क्लब आले आणि चारही गेले. यांतला दुसरा आलेलाही गेला, शेवटचा आलेलाही गेला. गुणतक्त्याने कुणाला वाचवले नाही.

हिशेबशास्त्रात एक गृहीतक असते. इंग्रजीत त्याला गोइंग कन्सर्न म्हणतात. म्हणजे ही पेढी उद्याही चालू राहणार, असे धरूनच आजचा ताळेबंद मांडायचा. दुकान उद्या मोडणार असेल, तर कपाटाची किंमत कपाटाची राहत नाही, लाकडाची होते. चाहता हेच गृहीतक न बोलता धरून चालतो. बचाव कच्चा आहे, पुढच्या वर्षी सुधारेल. हा पोरगा अजून कोवळा आहे, दोन वर्षांनी बघा! 'पुढच्या वर्षी' हा चाहत्याचा खरा ठेवा. हरलेल्या सामन्यातून तो तेवढेच घेऊन घरी येतो. क्लब मिटतो, तेव्हा त्याचा कप जात नाही. तो कुठे होता? त्याचे 'पुढच्या वर्षी' जाते.

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ असे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर भिडतात. हृतिक रोशन नाही, फिओरेंतिना नाही. आफ्रिकेतले खेळाडू मात्र तेही आणतात. वर्गणी गोळा होते, भांडणे होतात, पण हंगाम येतो आणि पेठ उभी राहते. कारण संघ पेठेचा आहे, आणि पेठ उचलून हैदराबादला नेता येत नाही.

तेव्हा वहीच्या नमुन्यात मी एक रकाना वाढवला आहे. प्रशिक्षक कोण, पुढे कोण, बचावात कोण, हे नंतर. पहिला रकाना : 'क्लब कोणाचा?' तात्यांना बदल पसंत पडला. मामा म्हणाले, "रकाना ऱ्हाऊ द्या. पर आता ह्या वयात मला वर्गणी मागू नका." त्यांच्याकडून अकरा रुपये वसूल झाले आहेत. क्लब निघायचा आहे.