तांब्याचे कडे
पेशवाईच्या काळात आम्हा त्वष्टा कासारांचे पूर्वज कोकणातून पुण्यास आले आणि कसबा पेठेत तांबट आळी वसली. हंडे, बंब, घंगाळी ज्या मठारकामाने घडली, त्यानेच कडेही घडते. हे ठसे केवळ शोभेचे नव्हेत. ठोक्यांनी तांबे कठीण होऊन आकार धरते. घेताना टोके बोटाने चाचपावी. ती घासून गोल केलेली नसल्यास मनगट ओरबाडते.

कड्याने संधिवात बरा होतो, असे सांगून विकणे आम्हांस मान्य नाही. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ७० आमवाती रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तांब्याच्या कड्याचा विशेष लाभ आढळला नाही. ज्ञातिबांधवांनी घडणावळीचे मोल निःसंकोच मागावे, औषधाचे नव्हे.

उघड्या तोंडाचे कडे रोज फाकविल्यास ते ताठर होऊन अखेरीस तडकते. म्हणून मनगटाच्या अरुंद बाजूने सरकवून मग फिरवावे. ताठरलेले कडे कारागिराकडून लाल तापवून घ्यावे. पोलादासारखे तांबे पाण्यात विझवून कठीण होत नाही, मऊच राहते. काळवंडल्यास चिंच-मिठाने घासून, धुऊन कोरडे पुसावे. मनगटावरील हिरवा डाग घामामुळे पडतो, तो साबणाने जातो.