मुळाचं पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं?



वाफ्यात पाणी उभं असतं, तरी वांग्याचं रोप मान टाकतं. दिंडोशीशेजारी आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. तिथं जनावरांसाठी पॅरा गवत लावलं गेलं. ते गवत दलदलीतही तरारून वाढतं. मग वांगं का सुकतं? याचं उत्तर मिळायला माणसाला दोनशे वर्षं लागली.

इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचे धर्मगुरू होते. १७२४ साली त्यांनी कुंडीतलं सूर्यफूल झाकण लावून रोज सकाळ-संध्याकाळ तोललं. दिवसाच्या बारा तासांत त्यानं सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर पाणी हवेत सोडलं. पाणी पानांवाटे जातं, हे वजनानं सिद्ध झालं.

पण वर चढवतं कोण? जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी १८९१च्या सुमारास तोडलेल्या उंच झाडाचा बुंधा विषारी द्रावणात ठेवला. वाटेतल्या पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिलं. १८९४ साली डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी उलगडा केला: पानातून वाफ गेली की मागचं पाणी ओढलं जातं. लाकडातल्या बारीक नळ्यांत पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ही ओढ थेट मुळापर्यंत पोचते. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ साली जिवंत पेशीच पाणी ढकलतात असं मांडलं. ते मत पुढे टिकलं नाही. मुळांचाही थोडा जोर असतोच. पहाटे भाताच्या पात्याच्या टोकाला दिसणारे थेंब बहुधा त्याचेच. सगळंच दंव नव्हे.

आता वांग्याकडे वळू. ओढ पानाची असली तरी पाणी आत घेणारं दार मुळाचं. मूळ जिवंत राहायला हवा लागते. पाणी साचलं की मूळ गुदमरतं, दार बंद होतं, आणि वर ऊन ओढतच राहतं. पॅरा गवत आपल्या पोकळ्यांतून मुळांना हवा पुरवतं. वांग्या-मिरचीला ते फारसं जमत नाही.

म्हणून ध्यानात ठेवा:
१) सुकलेलं रोप दिसलं की आधी माती उकरून बघा. ओली असेल तर पाणी देऊ नका, चर काढा.
२) पावसाळी भाजी गादीवाफ्यावर किंवा सरीच्या वरंब्यावर घ्या.
३) रोपांची लागण दुपार टळल्यावर करा. तुटलेल्या मुळांना सावरायला रात्र मिळते.

पाणी किती दिलं यापेक्षा मुळानं किती घेतलं, ते बघा.